वय आणि बळ : वृद्धांच्या कर्करोगावरील उपचार

माणसाचे वय जन्मतारखेवरून मोजले जाते. त्याच्या शरीरात किती बळ शिल्लक आहे, हे मात्र त्या तारखेवरून सांगता येत नाही. कर्करोग हा मुख्यतः उतारवयात आढळणारा रोग असल्यामुळे हा भेद केवळ तात्त्विक राहत नाही. उपचार द्यावयाचे की नाही, द्यावयाचे तर किती तीव्रतेचे आणि त्यांतून रुग्णाच्या पदरात काय पडेल, हे सर्व प्रश्न त्याच्याशी निगडित आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यांहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या दहा कोटींच्या वर होती. एवढ्या मोठ्या समुदायासंबंधीचे निर्णय केवळ वयाच्या आकड्यावरून घेणे किती धोक्याचे आहे, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

जयपूर शहराच्या तिलकनगर वस्तीत राहणारे दोन शेजारी कल्पावेत. दोघांचेही वय ७४. दोघांनाही मोठ्या आतड्याचा, सारख्याच अवस्थेतील कर्करोग झालेला. पहिले गृहस्थ रोज पहाटे मोतीडुंगरीच्या गणपतीपर्यंत चालत जाऊन येतात, घरचा हिशेब स्वतः ठेवतात आणि आपली औषधे आपणच वेळेवर घेतात. दुसरे गृहस्थ गेल्या सहा महिन्यांत दोनदा पडले आहेत. त्यांचे कपडे अंगावर सैल होऊ लागले आहेत. गोळ्या सून काढून देते. आणि ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांनी माणसांत बसणे सोडले आहे. रुग्णालयाच्या कागदावर मात्र दोघांच्या नावांपुढे एकच आकडा लिहिला जातो.

केवळ त्या आकड्याकडे पाहणाऱ्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका संभवतात. ‘आता या वयात कशाला?’ असे म्हणून पहिल्या गृहस्थांना बरे करू शकणारे उपचारही नाकारले जातात. किंवा दुसऱ्या गृहस्थांना तरुण रुग्णाइतकीच मात्रा देऊन अंथरुणाला खिळवले जाते. यांपैकी दुसरी चूक डोळ्यांना दिसते. पहिली दिसत नाही; घरचे लोक तिला वार्धक्याचा शेवट म्हणतात आणि तिची नोंदही कोठे होत नाही.

शरीराची गंगाजळी

निरोगी तरुण शरीरातील प्रत्येक इंद्रियाजवळ रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक कार्यशक्ती असते. ही शरीराची गंगाजळी होय. ताप, शस्त्रक्रिया किंवा तीव्र औषध यांचा आघात झाला म्हणजे शरीर तिच्यातून खर्च करते व पुढे ती भरून काढते. वय वाढते तशी ही शिल्लक घटते. पण सर्वांची सारख्या वेगाने घटत नाही. ती इतकी उणावली, की लहानशा आघातानेही शरीराचा तोल ढळावा, तर त्या अवस्थेला ‘क्षीणता’ म्हणतात. क्षीणता म्हणजे वार्धक्य नव्हे आणि एखादा विशिष्ट रोगही नव्हे.

मूत्रपिंडाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. कर्करोगावरील अनेक औषधे मूत्रावाटे शरीराबाहेर जातात. मूत्रपिंडाचे काम मंदावले तर औषध रक्तात अधिक काळ रेंगाळते आणि त्याचा विषारी परिणाम वाढतो. हे काम अजमावण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन मोजतात. परंतु क्रिएटिनिन हे स्नायूंपासून निर्माण होते. ज्या वृद्धाचे स्नायू झडले आहेत त्याच्या शरीरात ते मुळातच कमी तयार होते. त्यामुळे मूत्रपिंडाचे कार्य बरेच घटले असूनही तपासणीचा आकडा निर्दोष दिसू शकतो. म्हणूनच वय, वजन इत्यादी गोष्टी हिशेबात धरून त्या आकड्याचा अर्थ लावावा लागतो.

क्षीणता ओळखण्याची एक प्रसिद्ध कसोटी अमेरिकेतील लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडली. तिच्यात पाच लक्षणे आहेत : प्रयत्न न करता वजन घटणे, सतत थकवा वाटणे, हालचाल कमी होणे, चालण्याचा वेग मंदावणे आणि मुठीची पकड सैल पडणे. यांपैकी तीन किंवा अधिक लक्षणे आढळल्यास ती व्यक्ती क्षीण समजावी. एक किंवा दोन आढळल्यास ती त्या वाटेवर आहे असे समजावे.

सर्वांगीण तपासणी

वृद्धाची तपासणी रोगापुरती न करता समग्र माणसाची करावी, ही दृष्टी लंडनच्या डॉ. मार्जरी वॉरन यांच्या कार्यातून पुढे आली. १९३५ मध्ये त्यांच्याकडे एका जुन्या दरिद्री-आश्रमाच्या (वर्कहाउसच्या) रुग्णालयातील ७१४ रुग्णांची जबाबदारी आली. असाध्य म्हणून वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या या रुग्णांची त्यांनी पद्धतशीर पाहणी केली, तेव्हा त्यांतील अनेकांना उठवून चालते करता येते असे आढळून आले. पुढे या दृष्टीला मापे मिळाली. १९६३ मध्ये सिडनी कॅट्झ यांनी स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, उठणे-बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवण या सहा क्रियांची मोजपट्टी सिद्ध केली. १९६९ मध्ये लॉटन व ब्रॉडी यांनी तिला बाजारहाट, प्रवास, पैशांचा व्यवहार, औषधे घेणे यांसारख्या घराबाहेरच्या व घर चालवण्याच्या कामांची जोड दिली.

आजच्या सर्वांगीण तपासणीत यांखेरीज पडण्याचा इतिहास, पोषण, स्मृती, मनःस्थिती, इतर रोग, चालू असलेली औषधे आणि घरातील आधार यांचा विचार होतो. तिच्यातील काही चाचण्यांना यंत्राची गरज नसते. एका चाचणीत रुग्णाने खुर्चीवरून उठून तीन मीटर चालावयाचे, वळून परत यावयाचे व पुन्हा बसावयाचे असते. त्याला लागलेला वेळ घड्याळाने मोजतात. दुसऱ्या चाचणीत तीन शब्द लक्षात ठेवण्यास सांगून घड्याळाचे चित्र काढावयास लावतात व नंतर ते शब्द विचारतात.

मुंबईत परळ येथे १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात वृद्ध कर्करोग्यांसाठी असा स्वतंत्र चिकित्सा-विभाग २०१८ मध्ये सुरू झाला. या रुग्णालयात महाराष्ट्राप्रमाणेच परप्रांतांतूनही रुग्ण येतात व दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उतरतात. परदेशी मोजपट्ट्या आपल्याकडे जशाच्या तशा लावता येत नाहीत, याचीही जाणीव अशा कामात ठेवावी लागते. ज्या आजोबांनी जन्मात चूल पेटवली नाही, त्यांना ‘स्वयंपाक करता येत नाही’ म्हणून असमर्थ ठरवणे चूक होईल. तसेच, घर सोडून शेकडो मैल दूर राहण्याची दगदग हाही उपचारांच्या भाराचाच भाग होय. तिलकनगरच्या रुग्णाला सवाई मानसिंग रुग्णालय किंवा भगवान महावीर कर्करोग रुग्णालय शहरातच उपलब्ध आहे. मुंबईस जाण्याने नेमका कोणता अधिक लाभ होणार, हे विचारूनच अशा रुग्णाने प्रवासाचा निर्णय करणे श्रेयस्कर.

परिणामांचा पुरावा

या तपासणीने प्रत्यक्षात काही फरक पडतो काय, याचे उत्तर गेल्या काही वर्षांतील संशोधनाने दिले आहे. अमेरिकेतील आरती हुरिया व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ६५ वर्षे व त्यांवरील ५०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रसायनोपचारांचे गंभीर दुष्परिणाम कोणाला होतील, याचा अंदाज बांधताना वय व रक्ततपासणी यांच्याबरोबरच श्रवणशक्ती, सहा महिन्यांतील पडणे, थोडे अंतर चालण्यातील अडचण, औषधे घेण्यास लागणारी मदत आणि माणसांतील वावर कमी होणे या गोष्टीही उपयोगी ठरल्या. तिलकनगरच्या दुसऱ्या गृहस्थांच्या बाबतीत यांतील बऱ्याच खुणा घरच्यांना आधीपासून दिसत होत्या. त्यांना कोणी अर्थ दिला नव्हता एवढेच.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ७० वर्षे व त्यांवरील, पूर्ण बरा न होणारा कर्करोग असलेले ७१८ रुग्ण होते. एका गटातील डॉक्टरांना सर्वांगीण तपासणीचे निष्कर्ष व शिफारशी देण्यात आल्या. दुसऱ्या गटात तसे केले नाही. पहिल्या गटात तीन महिन्यांत गंभीर दुष्परिणाम झालेल्यांचे प्रमाण ५१ टक्के, तर दुसऱ्यात ७१ टक्के होते. पडण्याच्या घटनाही पहिल्या गटात कमी घडल्या. सहा महिन्यांनंतर हयात असलेल्यांच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. त्याच वर्षी ब्रिटनमधील ५१४ क्षीण वा वृद्ध रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांना अन्ननलिका किंवा जठराचा वाढलेला कर्करोग होता. रोग आटोक्यात ठेवण्याच्या दृष्टीने ६० टक्के मात्रा पूर्ण मात्रेपेक्षा कमी पडली नाही आणि तिचा त्रास कमी झाला.

यावरून प्रत्येक वृद्धाची मात्रा कमी करावी, असा निष्कर्ष काढणे मात्र अयोग्य होईल. हे दोन्ही अभ्यास रोग पुढे गेलेल्या रुग्णांवरील आहेत. जेथे रोग समूळ काढता येण्याजोगा आहे व शरीरात बळ आहे, तेथे केवळ वयामुळे शस्त्रक्रिया टाळणे म्हणजे बरे होण्याची संधी दवडणे होय. शिवाय क्षीणता काही अंशी उलटवताही येते. प्रथिनयुक्त आहार, रोज थोडे चालणे व उठबशीचा व्यायाम, अनावश्यक औषधे बंद करणे, श्रवणयंत्र, न्हाणीघरात आधारासाठी दांडी, अशा साध्या उपायांनीही शरीर उपचारांसाठी अधिक सिद्ध होऊ शकते.

निर्णय कोणाचा?

आपल्याकडे ‘वडिलांना सांगू नका’ ही विनंती डॉक्टरांना वारंवार ऐकावी लागते. तिच्यामागे माया असते. परंतु ज्याच्या शरीरावर उपचार व्हावयाचे, त्याचेच मत त्यामुळे बाजूला पडते. एखाद्याला आयुष्य थोडे लांबवण्यासाठी कितीही त्रास सोसण्याची तयारी असेल. दुसऱ्याला आयुष्य थोडे कमी लाभले तरी चालेल, पण हिंडते-फिरते राहावे आणि बुद्धी शाबूत असावी, असे वाटेल. ही निवड तपासणीचा कोणताही आकडा करून देऊ शकत नाही.

म्हणून वृद्ध रुग्णाला घेऊन जाणाऱ्या कुटुंबाने काही गोष्टी लिहून बरोबर न्याव्यात : वर्षभरात वजन किती घटले, सहा महिन्यांत रुग्ण कितीदा पडला, कोणत्या कामांना मदत लागू लागली आणि कोणकोणती औषधे चालू आहेत. त्यानंतर डॉक्टरांना विचारावे, की या उपचाराने रोग बरा होण्याची शक्यता आहे की केवळ आटोक्यात राहण्याची, आणि तो घेत असताना रुग्णाला चालता-फिरता येईल काय. हे संभाषण रुग्णाच्या समक्ष, त्याला ऐकू येईल अशा आवाजात व्हावे आणि त्याला काय हवे आहे, हे त्याच्याच तोंडून विचारून घ्यावे.