ढगवनातली आमरी आणि नगरची गरम रात्र

ड्रॅक्युला, मास्डेव्हॅलिया, लेपँथिस ही नावे हल्ली नगरच्या फुलवेड्यांनाही ठाऊक झाली आहेत. कोलंबिया-इक्वेडोरच्या अँडीज डोंगरांत, साधारण दीड ते तीन हजार मीटर उंचीवर, बारमाही धुक्यात भिजणाऱ्या रानातल्या या चिमुकल्या आमरी, म्हणजे ऑर्किड. त्या विकणाऱ्यांचे एक वाक्य ठरलेले असते : ‘दमटपणा सांभाळा, बाकी काही लागत नाही.’ या वाक्यावर ज्यांचे पैसे गेले त्यांच्यातला मी एक, आणि माझा राग अजून निवलेला नाही. दमटपणा पुरवूनही ही झाडे मरतात, कारण आपल्याकडची रात्र गरम असते. स्वतःची रोपे थंड खोलीत ठेवून गिऱ्हाईकाला तेवढेच न सांगणाऱ्याला अजाण म्हणता येत नाही.

झाड दिवसा उन्हातून अन्न कमावते आणि रात्री श्वसनात त्यातले काही जाळते. रात्र जितकी गरम, तितके जळणे जास्त. अँडीजमध्ये रात्रीचे तापमान दहा ते चौदा अंशांच्या आसपास उतरते, म्हणून मंद उजेडातली तुटपुंजी कमाईही शिल्लक राहते. नगरला पावसाळ्यातही रात्र वीस अंशांच्या वरच असते, आणि कमाईपेक्षा खर्च वाढतो. त्यात या जातींना कंद नसतो, म्हणजे अडीअडचणीला साठवण नाही. झाड एकदम मरत नाही. एकेक पान गळते, नवे पान आधीच्यापेक्षा लहान येते, असे महिनोन्‌महिने चालते. तोवर विकणाऱ्याची हमी संपलेली असते, आणि तक्रार केली की उत्तर मिळते, ‘पाणी जास्त झालं असेल.’ मला सगळ्यांत झोंबते ते हे उत्तर.

‘अहो, कळसूबाई तुमच्याच जिल्ह्यात. ढगांची काय कमी?’ असेही ऐकवले जाते. युक्तिवाद ऐकायला बरा आहे. पण कळसूबाई १६४६ मीटरवर आहे, आणि अकोले तालुक्यातला तो घाटमाथा जूनपासून चार महिने ढगांत असतो, नंतर कोरडा पडतो. म्हणून तिथल्या आमरी वेगळ्या घडणीच्या आहेत. डेंड्रोबियम बार्बाट्युलम पाऊस सरल्यावर पाने टाकते, कंदावर तग धरते आणि निष्पर्ण काडीवर फुलते. सह्याद्रीतल्या पॉरपॅक्सचे चपटे कंद जाळीदार आवरणाखाली उन्हाळा काढतात. अँडीजच्या आमरींना हा कोरडा काळ माहीतच नाही. शिवाय नगर शहर पर्जन्यछायेत. जिल्हा एक असला म्हणून हवा एक होत नाही. मग कळसूबाईच्या रानातलीच आणावी, असे कुणी सुचवले तर स्पष्ट सांगतो : कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथले रोप उपटणे गुन्हा आहे.

दुसरा आक्षेप कूलरचा : कूलर लावला की हवा थंड होतेच. त्यात तथ्य आहे. मे महिन्यात चाळीस अंश तापमान आणि वीस टक्के आर्द्रता असेल तर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा पंचविसाच्या आसपास आणता येते. कोरड्या रात्री त्याहूनही खाली. म्हणजे ज्या उन्हाळ्याची धास्ती घालतात तो वीज टिकली तर निभतो. खरी अडचण जून ते सप्टेंबर. हवा आधीच दमट असल्यामुळे कूलर निरुपयोगी ठरतो आणि रात्र थंड होत नाही. तेव्हा वातानुकूलित कपाटच लागते. ते रोज रात्री चालवायची तयारी नसेल तर हा नाद करू नये. दमटपणासाठी फॉगर लावलात तर त्याला बोअरचे पाणी कधीच लावू नका. क्षारांचा पांढरा थर पानांवर बसतो आणि मुळे जळतात. पावसाचे पाणी साठवा. दहा चौरस मीटर पत्र्यावर पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे पाच हजार लिटर. गळती धरूनही छोट्या संग्रहाला वर्षभर पुरते. हवा खेळती ठेवा, कुंडीत पाणी साचू देऊ नका, हे तर कोणत्याही आमरीला लागू आहे.

‘माकडतोंडी’ आमरीच्या, म्हणजे ड्रॅक्युलाच्या, बियांची पाकिटे मात्र कोणत्याही किमतीला घेऊ नका. आमरीचे बी धुळीसारखे असते, त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो. निसर्गात ते बुरशीच्या मदतीने रुजते, हे १८९९ मध्ये नोएल बर्नार्ड यांनी दाखवले. १९२२ मध्ये लुइस नडसन यांनी साखरयुक्त निर्जंतुक माध्यमात बुरशीविना रुजवून दाखवले. कुंडीतल्या मातीत ते येत नाही. परदेशी रोप घेताना साइट्सचा (वन्य जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराचा) परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला पाहा, कारण आमरींचे सबंध कुळ साइट्सच्या यादीत आहे. लहान आमरीच हवी असेल तर रोपवाटिकेत वाढवलेली, उष्णता सोसणारी जात घ्या. डेंड्रोबियम लिंडलेयी ही त्यातली एक. आणि कुठलेही रोप घेताना त्याची मूळ उंची आणि त्याला लागणारे रात्रीचे तापमान पावतीवर लिहून मागा. लिहून द्यायला जो नकार देईल, त्याच्याकडून एक पानही विकत घेऊ नका.