फ्लॅट नव्हे, इमारत सांभाळ

अंबरनाथ (पूर्व)
३० सप्टेंबर

चि. निखिल,

बदलापूरचा फ्लॅट तुझ्या नावावर झाल्याचं वहिनीने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. मॉड्युलर किचनचं आणि फॉल्स सीलिंगचं कोटेशनही तू मागवलंस म्हणे. त्याचा अॅडव्हान्स देण्याआधी हे पत्र सावकाश वाच. तुझ्या आत्याचं आयुष्य इमारती तपासण्यात गेलं आहे, म्हणून हे हक्काने लिहिते.

१९९३ साली आजच्याच तारखेला पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली. गणपती विसर्जन करून आलेली माणसं झोपेतच गेली. तेव्हाच्या भूकंप-नकाशात तो भाग क्षेत्र १ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा धरलेला होता. पण तिथल्या भिंतींना दगडाचे दोन वेगवेगळे पदर होते, मधे मातीची भर होती आणि डोक्यावर जाड मातीचं माळवद होतं. हादऱ्याने पदर सुटले आणि माळवद खाली आलं. नंतर आसपासच्या हजारो घरांची मजबुती करताना भिंतीच्या आरपार बंध घातले, चारी भिंती एकत्र धरणारे पट्टे बांधले, माळवदावरची माती कमी केली. घर तेच ठेवून त्याची ताकद वाढवता येते, हे मी तिकडे डोळ्यांनी पाहिलं आहे.

आपला ठाणे जिल्हा तर त्याहून अधिक धोक्याच्या क्षेत्र ३ मध्ये येतो. अहमदाबादही क्षेत्र ३ मध्येच होतं. २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप तिथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर झाला, तरी शहरातल्या अनेक बहुमजली इमारती बसल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींना तळाला मोकळं पार्किंग होतं. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींचा आधार असतो, खाली नुसते कॉलम. सगळा हेलकावा त्या कॉलमांवर येतो आणि तेच आधी मोडतात. तुझ्या इमारतीखाली गाड्या कुठे लावतात, ते आठवून बघ.

आपल्याकडे तर इमारत पडायला भूकंपही लागत नाही. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. दुसऱ्या दुर्घटनेत वरचा स्लॅब खालचे मजले फोडत तळापर्यंत आला आणि सात जणांचा जीव गेला. नव्वदच्या दशकात ‘उल्वा’ नावाची निकृष्ट रेती वापरून घाईघाईने उभ्या केलेल्या इमारतींची चर्चा तेव्हा पुन्हा सुरू झाली. निकृष्ट रेती, झिरपणारं पाणी, गंजलेली सळई यांनी जी इमारत साध्या दिवशी खचते, ती हादऱ्यात काय टिकणार? म्हणून भूकंपाची तयारी आणि रोजची सुरक्षितता ही दोन कामं नाहीत. एकाच कामात दोन्ही होतात.

यातली मुख्य गोष्ट अशी की, एकट्याचा फ्लॅट मजबूत करता येत नाही. कॉलम, बीम, पाया सगळ्यांचे असतात. तू तुझ्या घराला कितीही चांगलं प्लास्टर कर, खालच्या मजल्यावर कोणी भिंत पाडून दुकान मोठं केलं, तर ते तुझ्या जिवावर बेतेल. म्हणून तुझं पहिलं काम सोसायटीच्या सभेत आहे.

ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आणि मंजूर नकाशे मागून घे. मग स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल माग. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तुझी इमारत वीस वर्षांची आहे, तेव्हा अहवाल असायलाच हवा. नुसतं डोळ्यांनी बघून दिलेलं प्रमाणपत्र घेऊ नकोस. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक चाचणी, गरज पडेल तिथे काँक्रीटचा कोर, सळईच्या गंजाची तपासणी हे सगळं झालेलं असावं. आणि इंजिनिअरला स्पष्ट विचार: इमारत नुसती भार पेलते की भूकंपाचा आडवा धक्काही झेलेल? अनेक ऑडिटांत हा प्रश्न विचारलाच जात नाही.

उत्तर प्रतिकूल आलं तरी घाबरू नका. जुन्या कॉलमभोवती नव्या सळया आणि रिंगा बांधून काँक्रीटचं जॅकेटिंग करता येतं. पार्किंगमध्ये काही ठराविक कॉलमांच्या मधे आरसीसी भिंती किंवा लोखंडी ब्रेसिंग देता येतं. मात्र या भिंती कुठे घ्यायच्या ते डिझाइन करूनच ठरवा. एकाच बाजूला दिल्या तर हादऱ्यात इमारत पिळवटते. गळतं बाथरूम आणि गच्ची आधी दुरुस्त करा, कारण गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. त्यावर नुसतं प्लास्टर चोपडलं तर रोग आत तसाच राहतो.

तुझ्या किचनसाठी भिंत पाडायची असेल, तर इंजिनिअरच्या लेखी संमतीशिवाय हातोडा लावू देऊ नकोस. पाइपसाठी बीम किंवा कॉलम कोरायचा नाही, अगदी इंचभरही नाही.

आता विमा. बँकेने कर्जासोबत दिलेली पॉलिसी काढून वाच. पुष्कळदा ती कर्जदाराच्या आयुष्याची असते, घराची नव्हे. घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते. तिच्यात आगीबरोबर भूकंप आणि पूरही येतो. उल्हास नदी बदलापुरात काय करते हे २००५ आणि २०१९ च्या जुलैत आपण पाहिलं आहे, म्हणून पुराचं संरक्षणही मोलाचं. विम्याची रक्कम बाजारभावावर ठरत नाही. जमीन कुठे जात नाही, म्हणून कार्पेट क्षेत्राला बांधकामाच्या दराने गुणायचं. समज, ५०० चौरस फूट आणि दर २,५०० रुपये, तर साडेबारा लाख. घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. घर राहण्याजोगं उरलं नाही, तर पर्यायी घराच्या भाड्याचीही तरतूद असते. सोसायटीने इमारतीचा आग आणि भूकंप विमा काढणं उपविधींना अपेक्षित आहे, त्याची पावतीही बघ. पण वय झाल्याने किंवा निकृष्ट बांधकामामुळे पडलेल्या स्लॅबची भरपाई विमा देईल, असं धरून चालू नकोस. विमा पैसे देतो, इमारतीला टेकू देत नाही. म्हणून तो मजबुतीच्या जागी नव्हे, मजबुतीच्या सोबत घ्यायचा.

घरातली कामं एका रविवारी होतील. कपाटं आणि बुकशेल्फ भिंतीला क्लॅम्पने जखड. पलंगाच्या डोक्याशी जड फ्रेम नको. उशाशी टॉर्च आणि चप्पल ठेव. हादरा बसला की जिन्याकडे पळायचं नाही, लिफ्ट तर नाहीच. मजबूत टेबलाखाली बसून डोकं झाकायचं. हादरा थांबला की गॅस आणि मेन स्विच बंद करून मोकळ्या जागेत जमायचं. ती जागा घरच्यांनी आजच ठरवा. ११२ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे दोन्ही नंबर आईच्या फोनमध्येही घाल.

पैसे सगळीकडे पुरणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तेव्हा क्रम असा ठेव: आधी ऑडिट आणि गळती, मग विमा, मग मजबुतीच्या निधीतला तुझा वाटा आणि सगळ्यांत शेवटी फॉल्स सीलिंग. सभेत तू नवा आहेस, लोक खर्चाला कुरकुरतील. तरी ऑडिटचा विषय लेखी देऊन विषयपत्रिकेवर आण आणि ठराव होईपर्यंत सोडू नकोस. त्या जिन्यावरच्या प्रत्येक घरात म्हातारी माणसं आणि लेकरं झोपतात. त्यांच्यासाठी थोडा वाईटपणा घ्यावा लागला, तर घे.

अहवाल हाती आला की मला पाठव. मी ओळ न् ओळ वाचून कळवीन.

तुझी,
आत्या