घरांतील ध्वनि कसा सुधारावा ?

हल्लीं पुष्कळ घरांत टेलिव्हिजनला जोडून स्पीकरांचा मोठा संच ठेवलेला आढळतो. चित्रपटगृहांतील नाद घरबसल्या ऐकावयास मिळावा, हा त्याचा हेतु. परंतु अनुभव पुष्कळदां उलट येतो. वाद्यांच्या गजरानें खिडक्या हादरतात, आणि पात्रें काय बोलतात तें मात्र कळत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका घरीं असेंच चाललें होतें. आजीबाईंना संवाद समजेनात, म्हणून आवाज वाढवावा. आवाज वाढला कीं, पलीकडे दहावीचा अभ्यास करीत बसलेल्या नातीनें दार लावून घ्यावें. आणि अखेर आजीबाईंनींच “माझ्यासाठीं नको रे बाबा” म्हणून उठून जावें. घरधनी अधिक किंमतीचा नवा संच आणण्याच्या विचारांत होते. पैसे खर्चण्यापूर्वीं एकदां खोलीची परीक्षा करूं या, अशी आम्हीं त्यांस विनंति केली. त्या परीक्षेंत जें कळलें, तें आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

प्रथम ध्वनि कानापर्यंत कसा येतो तें पाहूं. २० अंश सेल्सिअस उष्णमानाच्या हवेंत ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४३ मीटर जातो. स्पीकरमधून निघालेला ध्वनि सरळ कानीं येतो, हें खरें. पण तोच भिंती, फरशी व छत यांवरून चेंडूप्रमाणें उसळून किंचित् मागाहून पुनः पुनः कानीं पडतो. विजापूरच्या गोलघुमटांत एक टाळी अनेक वेळां ऐकूं येते, याचें आपणांस कौतुक वाटतें. परंतु घुमटांत जें कौतुकाचें, तेंच दिवाणखान्यांत दोषाचें होय. कारण एका शब्दाचा घुमारा पुढील शब्दावर पडून दोन्ही अस्पष्ट होतात.

या विषयाचा शास्त्रीय पाया अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे तरुण अध्यापक वॉलेस सॅबाइन यांनीं घातला. तेथील फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहांत वक्त्याचें बोलणें समजत नसे. एकदां उठलेला ध्वनि विरून जाण्यास सुमारें साडेपांच सेकंद लागत. हा दोष दूर करण्याचें काम १८९५ सालीं सॅबाइन यांजकडे आलें. त्यांनीं जवळच्या एका नाट्यगृहांतील बैठकांच्या गाद्या आणून मांडाव्या, रात्रींच्या शांततेंत ऑर्गनची नळी वाजवावी, आणि तिचा नाद विरण्यास किती वेळ लागतो तें मोजावें. गाद्या जसजशा वाढत, तसतसा घुमारा कमी होई. वक्ता तोच, गृह तेंच. केवळ मऊ वस्तु वाढल्या आणि शब्द मोकळे झाले. पुढें याच ज्ञानाच्या आधारें त्यांनीं सल्ला दिलेलें बोस्टनचें सिंफनी हॉल १९०० सालीं उघडलें, आणि तें आजही उत्तम नादाविषयीं प्रसिद्ध आहे.

आतां वरील घराकडे वळूं. फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या आणि खिडक्यांस पडदे नाहींत. मधोमध उभें राहून टाळी वाजवितांच ती क्षणभर झणझणत राहिली. आम्हीं फरशीवर जाड सतरंजी अंथरली, खिडक्यांस पुष्कळ चुण्यांचे जाड पडदे लावले, आणि मागील भिंतीशीं पुस्तकांचें कपाट उभें केलें. बाजूच्या भिंतींवर गोधडी टांगावयाची ती नेमकी कोठें, हें नातीनें आरशानें शोधून काढलें. एकानें नेहमींच्या आसनावर बसावें, दुसऱ्यानें भिंतीशीं आरसा धरून सरकवीत न्यावा. बसलेल्यास आरशांत जेथें स्पीकर दिसेल, तेथूनच ध्वनि उसळून त्याच्याकडे येतो. परावर्तनाचा जो नियम आपण प्रकाशाच्या धड्यांत शिकतों, तोच येथें लागूं पडतो.

नंतर स्पीकरांच्या जागा पाहिल्या. पांच स्पीकर व एक सबवूफर अशा संचांत चित्रपटांतील संभाषण बहुतांशीं मधल्या स्पीकरांतून येतें. तोच येथें कपाटाच्या खणांत, फुलदाणीच्या मागें दडला होता! तो पुढें काठाशीं आणून त्याचें तोंड ऐकणाराच्या कानाकडे वळविलें. उजवा व डावा स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. उरलेले दोन बाजूंस, किंचित् मागें असावे. सबवूफर कोपऱ्यांत होता, आणि कोपऱ्यांत खर्ज फाजील फुगतो. म्हणून तो तात्पुरता आसनावर ठेवून, गाणें चालूं असतां आम्ही जमिनीलगत रांगत फिरलों. जेथें खर्ज सारखा व स्वच्छ ऐकूं आला, तेथेंच त्याची जागा नेमली. मोठीं माणसें रांगतांना पाहून घरांतील मुलांची पुष्कळच करमणूक झाली.

सर्वच दोष गेले, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. ५० हर्ट्झच्या खर्जाची लहर सुमारें ७ मीटर लांब असते. ती सतरंजीस किंवा पडद्यास दाद देत नाहीं. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीस चिकटवूनही हा खर्ज आटोक्यांत येत नाहीं. त्यास जागा बदलणें व खर्ज कमी ठेवणें हेच सोपे उपाय.

अधिक शक्तीचें यंत्र घेतल्यानें काय साधतें, हेंही पालकांनीं ध्यानांत घ्यावें. शक्ति दुप्पट केली तरी ध्वनि केवळ ३ डेसिबेलनें वाढतो. कानास तो दुप्पट वाटावयास शक्ति सुमारें दसपट लागते. आणि मोठा झाला म्हणून अस्पष्ट शब्द स्पष्ट होत नाहीं. घुमाराही त्याच प्रमाणांत वाढतो. शिवाय कानाचें आरोग्य आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबेलचा ध्वनि आठवड्यांत ४० तासांहून अधिक ऐकणें श्रवणास धोक्याचें आहे. खोली सुधारूनही घरांतील वडीलधाऱ्यांस शब्द कळत नसतील, तर कानाच्या डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करूं नये.

त्या घरीं नवा संच आला नाहीं. आवाज पूर्वींपेक्षां कमी ठेवूनही संवाद कळूं लागले, आणि नातीच्या खोलीचें दार उघडें राहूं लागलें. आजीबाई आतां चित्रपट संपेपर्यंत बसतात, व मध्येंच “तो काय म्हणाला ?” असें विचारण्याऐवजीं “तो खोटें बोलतोय” असें स्वतःच सांगतात. विद्यार्थी मित्रहो, आज घरीं गेल्यावर खोलीच्या मध्यभागीं उभे राहून एक टाळी वाजवून पाहा. ती झणझणत राहिली, तर प्रथम सतरंजी आणि गोधडी शोधा. दुकानाची वाट मागाहून धरावी.