जाहिरात लिहायला शिकवतो, वाचायला कधी शिकवणार?



दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात जाहिरातलेखन येतं, हे आपल्याला माहीत आहेच. मागे मी सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. विषय होता शिकवणी वर्गाची जाहिरात. एका मुलाने छान चौकट आखून ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "१००% निकालाची हमी! मोजक्याच जागा! आजच प्रवेश घ्या!" घोषवाक्य होतं, मांडणी आकर्षक होती, संपर्कासाठी पत्ता होता. मी पूर्ण गुण दिले.

पेपर वाटले तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, अशी हमी खरंच देता येते का?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शोधलं. उत्तर आहे, नाही! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासेसच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवडीची किंवा यशाची खोटी हमी देणं त्यात बसत नाही. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापायचा तर निकाल लागल्यानंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते, आणि त्याने नेमका कोणता कोर्स केला होता तेही सांगावं लागतं. म्हणजे ज्या वाक्याला मी गुण दिले, ते वाक्य खऱ्या क्लासने छापलं तर त्याला नोटीस येऊ शकते.

तेव्हापासून जाहिरातलेखनाच्या आधी एक तास मी जाहिरातवाचनाला देते. त्यात मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवते.

१. बोलतंय कोण आणि पैसे कोणाचे?

पूर्वी मालिका थांबली की जाहिरात लागायची, त्यामुळे ती ओळखू यायची. आता रीलमधली ताई आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून 'माझा आवडता मसाला' दाखवते. ही जाहिरात आहे की आवड? ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था १९८५ पासून काम करते. तिने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सर्ससाठी नियम केले. पैसे, फुकट वस्तू किंवा दुसरा काही फायदा घेऊन केलेल्या पोस्टवर 'ॲड', 'स्पॉन्सर्ड', 'पार्टनरशिप' असं सहज दिसेल असं लिहायला हवं. मुलांना हे शब्द शोधायला सांगा. आणि शब्द नाही म्हणून जाहिरात नाही, असं समजू नका, हेही सांगा.

२. दावा काय आणि पुरावा काय?

'सर्वोत्तम', 'नंबर वन', 'डॉक्टरांची पसंती' हे शब्द फळ्यावर लिहा आणि प्रत्येकापुढे विचारा: कोणी मोजलं? कधी? किती जणांत? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्या नामवंतांवरही जाहिरात करायला एक वर्षापर्यंत बंदी येऊ शकते. हे ऐकून मुलं एकदम सावरून बसतात.

३. पुढे काय छापलंय आणि मागे काय?

हा भाग सर्वात रंगतो. मुलांना घरून रिकामी वेष्टनं आणायला सांगा. मागच्या बाजूला घटकांची यादी असते. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे जो पदार्थ सर्वात जास्त तो पहिला. पुढे बदामाचं मोठं चित्र आणि मागे यादीत साखर दुसऱ्या क्रमांकावर, हे मुलांनी स्वतः शोधलं की आपल्याला भाषण द्यावं लागत नाही. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप ही साखरेचीच भावंडं, एवढं मात्र सांगा. दुधात घालायच्या पावडरींचंच बघा. 'हेल्थ ड्रिंक' या शब्दाची अन्नसुरक्षा कायद्यात व्याख्याच नाही, म्हणून अशी पेयं त्या विभागात दाखवू नका, असं केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवलं. कित्येक वर्षं आपण तो शब्द खरा धरून चाललो होतो!

गणिताच्या शिक्षकांनाही इथे काम आहे. समजा, १० रुपयांचा पुडा ५० ग्रॅमचा होता, तो ४० ग्रॅमचा झाला. किंमत तीच. पण एका ग्रॅमला २० पैसे पडत होते, तिथे आता २५ पडतात. म्हणजे वस्तू २५ टक्क्यांनी महागली आणि पुड्यावरचा दहाचा आकडा काही हलला नाही. शेकडेवारीचं यापेक्षा जिवंत उदाहरण कुठे मिळणार?

पालकांसाठी

मुलाने दुकानात हट्ट केला की आपण एकतर रागावतो, नाहीतर घेऊन देतो. एकदा पुडा त्याच्या हातात द्या आणि म्हणा, "मागचं वाच, मग ठरवू." कधी तो तरीही मागेल. घेऊन द्या. पण वाचून मागितलेलं आणि नुसतं चित्र बघून मागितलेलं यात फरक आहे. आपणही क्लासची फी भरण्याआधी फलकावरचे फोटो मोजण्यापेक्षा विचारूया, एकूण मुलं किती होती? आणि फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या.

स्वाध्याय

तासाच्या शेवटी मी तीच जाहिरात पुन्हा लिहायला देते. अट एकच, खोटं एकही वाक्य नको. '१००% हमी' लिहिणाऱ्या त्याच मुलाने या वेळी लिहिलं, "एका तुकडीत फक्त २० विद्यार्थी. रोज शंकानिरसन. पहिला आठवडा बसून बघा, मग ठरवा." वर्गातून आवाज आला, "बाई, मी तर या क्लासला जाईन!"

बोर्डाची गुणदान पद्धत आपल्या हातात नाही, पण घटक चाचणी आहे. माझ्या चाचणीत आता एक गुण खरेपणाला असतो. तुमच्या वर्गात करून बघा आणि काय घडलं ते नक्की कळवा.