चुंबकावर डबा सुटत नाही? पार्सल मागवण्याआधी हे करा

घिवलीत घरी एन स्केलचा (१:१६०, रुळांतलं अंतर ९ मिमी) ट्रॅक मांडलाय, आणि शंटिंग करताना डबा चुंबकावर नेला तरी सुटत नाही? नवे कपलर मागवू नका. बहुतेक दुखणी दोन-तीनशे रुपयांत बरी होतात.

आधी उंची बघा. कपलरखालची वाकडी पिन रुळाच्या माथ्यापासून ०.२५ मिमी वर हवी. मायक्रो-ट्रेन्सच्या कपलरांचं माप हेच. परदेशी गेज नको. फिलर गेजची ०.२५ची पट्टी रुळांवर आडवी ठेवा, पिन तिला जेमतेम चाटून गेली पाहिजे. बोईसरला हार्डवेअरच्या दुकानात विचारा. तारापूर एमआयडीसीतला एखादा फिटर ओळखीचा असेल तर त्याच्याकडून ती पट्टी तासाभरासाठी मागून आणा, म्हणजे तोही खर्च वाचला. पुण्यात कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये गाड्या धावताना जरूर बघा, पण त्या एचओच्या (१:८७). एचओत पिन सुमारे ०.८ मिमी वर असते; ते माप इकडे लावू नका.

पिन वाकवायची तर कपलर काढून, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून वाकवा. आतली स्प्रिंग तांदळाच्या कणीपेक्षा बारीक; उडाली की गेली.

खाऱ्या हवेमुळे तेल लावावंसं वाटेल. लावू नका, धूळ बसून कडी चिकटते. ६बी पेन्सिलीचं शिसं घासून ती भुकटी लावा.

गाडी ओढत असताना डबा सुटणारच नाही, कारण कड्या ताणलेल्या असतात. चुंबकावर थांबा, नखभर मागे ढकला, ढील पडली की कड्या उघडतात. चुंबक सरळ रुळावरच बसवा आणि शक्यतो सायडिंगला. मेन लाइनवर गाडी हळू झाली की नको तिथे डबे सुटतात. मोकळा डबा आपोआप चुंबकाकडे सरकतो? ॲक्सल लोखंडी आहे. जुन्या ब्रशचा एक केस ॲक्सलला टेकेल असा चिकटवा.

चुंबक घरीच करायचं तर निओडिमियमच्या छोट्या चकत्या घ्या, पाकीट दोनशेच्या आसपास. दोन्ही रुळांच्या आतल्या बाजूला एकेक. एकीचा उत्तर ध्रुव वर, दुसरीचा दक्षिण.

तरीही कपलर परदेशातूनच मागवायचे असतील तर खरा खर्च इथे आहे. सीमाशुल्क नुसत्या किमतीवर नाही, पोस्टेज आणि विमा धरून लागतं. वर जीएसटी, वर कुरिअरचं क्लिअरन्सचं वेगळं बिल. केवायसीसाठी आधार किंवा पॅन तयार ठेवा. या तिन्ही रकमा ऑर्डर देण्याआधी कुरिअरकडून लेखी घ्या, आणि गावातल्या मित्रांची मागणी एकाच पार्सलमध्ये टाका.