मॉडपॅक : तुकडे दुसऱ्यांचे, टाके आपले



होस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर संध्याकाळी एक चक्कर मारा. एका खोलीत क्रिकेटचा गेम, दुसरीत गोळीबार, आणि तिसरीत कुणीतरी चौकोनी ठोकळ्यांच्या जगात घर बांधत बसलेला दिसेल. हा ठोकळ्यांचा खेळ म्हणजे माइनक्राफ्ट. "हा तर लहान मुलांचा खेळ!" असं म्हणून पुढे जाऊ नका. याच खेळावर जगभरच्या हौशी लोकांनी ड्रॅगन, जादू, तळघरं आणि तलवारींचं एक अख्खं जग चढवलंय. त्यासाठी शंभराहून जास्त वेगवेगळे प्रोग्राम एकत्र चालतात. ते एकत्र कसे चालतात, का बंद पडतात, आणि ते एकत्र आणणाऱ्याला श्रेय किती द्यायचं, हा या लेखाचा विषय आहे. शेवटचा प्रश्न आपल्या प्रोजेक्टच्या व्हायव्हापर्यंत जातो, म्हणून सर-मॅडमनीही वाचावा ही विनंती.

थोडी पार्श्वभूमी

माइनक्राफ्ट स्वीडनच्या मार्कस पर्सनने जावा भाषेत लिहिला. मे २००९ मध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर आला, नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण आवृत्ती निघाली, आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी मोजांग अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. अशा खेळाला 'सँडबॉक्स' म्हणतात. वाळूच्या ढिगावर पोरं खेळतात तसं, किल्ला करा नाहीतर खड्डा खणा, कुणी विचारत नाही.

रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, याच्या अगदी उलट. त्याचं मूळ अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. ताकद, चपळाई, आयुष्य सगळं आकड्यांत. लढाया केल्या की अनुभव वाढतो, अनुभव वाढला की लेव्हल वाढते. आजच्या बहुतेक आरपीजी व्हिडिओ गेम्सचा सांगाडा हाच आहे.

मूळ माइनक्राफ्टमध्ये यातलं फारसं काही नाही. अनुभवाचे गुण मिळतात, पण ते मुख्यतः हत्यारांवर जादू चढवण्यात खर्च होतात, पात्र स्वतः बलवान होत नाही. ही उणीव 'मॉड' भरून काढतात. मॉड म्हणजे खेळात बदल करणारा छोटा प्रोग्राम, आणि अनेक मॉडांचा जुळवून केलेला संच म्हणजे 'मॉडपॅक'.

उदाहरण म्हणून 'आरएलक्राफ्ट' घेऊ. 'शिवॅक्सी' या टोपणनावाच्या माणसाने केलेला हा संच २०१९ मध्ये यूट्यूबमुळे फार गाजला. त्यातले ड्रॅगन 'आइस अँड फायर' या मॉडचे. इतर राक्षस 'लायकनाइट्स मॉब्स'चे. पात्राची खाणकाम, हल्ला, बचाव, जादू अशी आठ कौशल्यं 'रीस्किलेबल'मधून येतात. हात, पाय, डोकं यांना वेगवेगळी इजा होते ती 'फर्स्ट एड'मुळे. मूळ खेळात झाडाला बुक्क्या मारल्या की लाकूड मिळतं, इथे मिळत नाही. आधी गारगोटी घासून हत्यार करावं लागतं. असे शंभराहून जास्त मॉड आहेत, आणि ते लिहिणारी माणसं वेगवेगळी आहेत.

आपल्याकडे जुन्या साड्यांची गोधडी शिवतात. तुकडे कुठल्या कुठल्या साड्यांचे असतात, पण गोधडी टिकते ती टाक्यांवर. मॉडपॅकचंही तसंच आहे. हे टाके कोणते, ते एकेक बघू.

टाका पहिला : सॉकेट

सुरुवातीला मॉड बसवायचा म्हणजे खेळाच्या मूळ फाइली काढून त्या जागी आपल्या फाइली टाकायच्या. दोन मॉडांनी एकच फाइल बदलली असेल तर नंतरचा आधीच्याला पुसून टाकायचा. त्यातून खेळाचा कोड मुद्दाम अवघड केलेला, म्हणजे सगळ्या क्लासची नावं ए, बी, सी अशी. ती नावं उलगडायचं काम २०१० पासून स्वयंसेवकांनी केलं. मग २०११ मध्ये 'फोर्ज' आलं. फोर्ज म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड समजा. ठोकळा फुटला, खेळाडूला मार लागला, राक्षस जन्मला, अशा प्रत्येक घटनेला फोर्ज सगळ्या मॉडांना आवाज देतं, आणि ज्याला काही करायचं असेल तो करतो. भिंतीतली वायर कुणी उघडायची नाही, प्लग लावायचा. कंपनीने स्वतः नावांची यादी २०१९ मध्ये खुली केली, आणि यापुढे कोड असा झाकणार नाही हे २०२५ मध्ये जाहीर केलं.

टाका दुसरा : नाव

पूर्वी प्रत्येक प्रकारच्या ठोकळ्याला एक नंबर असायचा. २०१२ नंतर असे ४०९६ नंबर उपलब्ध होते. एका मॉडने आपल्या जादूच्या दगडाला ५०० नंबर दिला आणि दुसऱ्यानेही आपल्या भट्टीला ५०० दिला, की खेळ उघडायचाच नाही. मॉडपॅक करणारा माणूस रात्ररात्र जागून कॉन्फिग फाइलींमधले नंबर हाताने बदलायचा.

उपाय आपल्या मस्टरमध्येच आहे. रोल नंबर १७ प्रत्येक डिव्हिजनमध्ये असतो, तरी गोंधळ होत नाही, कारण आपण 'बी-१७' म्हणतो. तसंच आता मॉडचं नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग वस्तूचं नाव असं लिहितात. २०१३ च्या १.७ आवृत्तीपासून ही नावं पुढे आली आणि २०१८ च्या १.१३ मध्ये जुने नंबर पूर्ण गेले. कॉम्प्युटरवाल्यांनी 'नेमस्पेस' हा शब्द पुस्तकात वाचलाय. तो नसला की काय होतं ते इथे दिसतं.

टाका तिसरा : माप

समजा पाच मॉडांनी पाच वेगळी तांबी आणली. नाव वेगळं ठेवल्यामुळे खेळ बंद पडत नाही, पण एका मॉडचं तांबं दुसऱ्याच्या भट्टीत चालत नाही. खेळाडूच्या पेटीत पाच प्रकारचं तांबं पडून राहतं. यावर फोर्जने 'ओर डिक्शनरी' काढली. प्रत्येक मॉडने आपल्या तांब्याची एका सामाईक नावाखाली नोंद करायची, आणि कृती लिहिताना 'माझं तांबं' न म्हणता नुसतं 'तांबं' म्हणायचं. आता हेच काम 'टॅग' करतात. मेकॅनिकलच्या मित्रांना हे सांगायला नको. एम-८ चा बोल्ट कुणाचाही असो, एम-८ चा नट बसलाच पाहिजे.

टाका चौथा : आकडे

हा सगळ्यात अवघड टाका, कारण तो चुकला तरी खेळ बंद पडत नाही. खेळ चालतो, पण खेळण्यात मजा राहत नाही.

गणित करून पाहू. खेळाडूचं आयुष्य २० गुण. हिऱ्याचं पूर्ण चिलखत घातलं की संरक्षण २० आणि टफनेस ८. या टफनेसला मूळ खेळाचं सूत्र साधारण असं होतं : फटक्याला ४ ने भागा, तो आकडा संरक्षणातून वजा करा, उरलेल्याला २५ ने भागा. तेवढा भाग चिलखत अडवतं. उरलेला आकडा ४ च्या खाली मात्र जात नाही.

१० गुणांचा फटका बसला तर १० भागिले ४ म्हणजे २.५. वीसातून वजा केले की १७.५. म्हणजे ७० टक्के अडलं आणि लागले फक्त ३. आता दुसऱ्या मॉडचा ड्रॅगन ४० चा फटका मारतो असं धरू. ४० भागिले ४ म्हणजे १०, उरले १०, अडलं ४० टक्के, लागले २४. आयुष्य २०, म्हणजे एका फटक्यात खेळ खलास. फटका चौपट झाला, पण इजा आठपट झाली!

ड्रॅगन लिहिणाऱ्याचं काही चुकलं नाही, सूत्र लिहिणाऱ्याचंही नाही. सूत्र लहान आकड्यांसाठी केलेलं होतं आणि ड्रॅगन मोठ्या आकड्यांच्या जगातला होता. दोन्ही भाग आपापल्या जागी बरोबर असूनही जोड चुकीचा असू शकतो. मॉडपॅक करणाऱ्याला इथे निवड करावी लागते : ड्रॅगनचे आकडे कमी करायचे, खेळाडूचं आयुष्य वाढवायचं, की लढाईचं गणितच बदलणारा तिसरा मॉड आणायचा. तिन्हीने खेळ वेगळा होतो. ही निवड म्हणजेच डिझाइन, आणि यात त्याने जावाची एक ओळही लिहिलेली नसते.

टाका पाचवा : वेळ आणि मेमरी

माइनक्राफ्टचं जग सेकंदाला २० ठोके घेऊन चालतं. म्हणजे एका ठोक्यात सगळ्या मॉडांचं मिळून काम ५० मिलिसेकंदांत संपलं पाहिजे. ते संपलं नाही तर सर्व्हर मागे पडतो, तशी सूचना लॉगमध्ये येते, आणि ड्रॅगन हवेत अडखळायला लागतो. प्रत्येक मॉडवाला "माझा फक्त १ मिलिसेकंद" म्हणाला तरी ६० मॉडांचे ६० होतात. मेमरीचंही तसंच. मूळ खेळ २ जीबीत चालतो, मोठ्या संचांना ६ ते ८ जीबी द्यावी लागते. मेसच्या बिलात प्रत्येकजण "मी एकच चपाती जास्त घेतली" म्हणतो, तरी महिनाअखेर एकूण आकडा वाढलेलाच असतो ना, तसं!

आणि फुटलं तर?

१२८ मॉडांच्या संचात कुठल्यातरी एका मॉडमुळे खेळ बंद पडतोय, तर तो कसा शोधायचा? एकेक काढून पाहिला तर १२७ वेळा खेळ सुरू करावा लागेल. त्यापेक्षा अर्धे काढा. तरीही फुटला तर दोषी उरलेल्या ६४ मध्ये, नाहीतर काढलेल्या ६४ मध्ये. मग ३२, १६, ८, ४, २, १. सात फेऱ्यांत काम! दुसऱ्या वर्षाला शिकलेला बायनरी सर्च तो हाच. अडचण एवढीच की काही मॉड दुसऱ्यांवर अवलंबून असतात, आणि कधीकधी दोष एकाचा नसून दोघांच्या भांडणाचा असतो. तेव्हा आधी लॉग वाचावा. लॉगचं शेवटचं पान बघून "चालत नाही यार" म्हणणं सोपं, पण कारण बरेचदा मधल्या पानावर असतं.

तुकड्यांचा मान

सुरुवातीच्या काही गाजलेल्या मॉडपॅकवर मॉडकर्त्यांनी आक्षेप घेतला होता. परवानगी न विचारता आमचं काम संचात टाकलं, खेळणाऱ्यांना आमचं नावही माहीत नाही, ही त्यांची तक्रार. ती रास्त होती. हे लोक नोकरी-अभ्यास सांभाळून फुकटात लिहीत होते, आणि नाव हीच त्यांची कमाई होती.

यावर निघालेला तांत्रिक उपाय मला फार आवडतो. कर्सफोर्जच्या पद्धतीत मॉडपॅकच्या फाइलमध्ये सहसा मॉड नसतातच. त्यात असते एक यादी : कुठल्या मॉडची कुठली आवृत्ती. सोबत असतात जुळवणाऱ्याने स्वतः बदललेल्या कॉन्फिग फाइली. खेळणाऱ्याचा संगणक ती यादी वाचून प्रत्येक मॉड मूळ कर्त्याच्याच पानावरून उतरवून घेतो, म्हणजे डाउनलोडची नोंद त्याच्या नावावर होते. तुकडे कुणाचे आणि टाके कुणाचे, हे फाइलच्या रचनेतच वेगळं ठेवलंय.

"यात तुझं काय?"

आता व्हायव्हाकडे वळू. आपल्या बहुतेक प्रोजेक्टमध्ये बोर्ड तयार असतो, सेन्सर तयार असतो, लायब्ररी नेटवरची असते. मग एक्स्टर्नल विचारतात, "यात तुझं स्वतःचं काय?" या एका प्रश्नाच्या भीतीने चांगली चांगली मुलं दोन गोष्टी करतात. काहीजण सगळंच आपलं म्हणून दडपून सांगतात आणि रिपोर्टमधून लायब्ररीचं नाव गाळतात. काहीजण मान खाली घालून "काही नाही सर, नुसतं जोडलंय" म्हणतात. पहिल्यात खोटेपणा आहे, आणि दुसऱ्यात स्वतःवर अन्याय.

अर्थात, १५० मॉड एका फोल्डरमध्ये टाकले म्हणजे मॉडपॅक झाला असं नाही. तसं केलं तर पाच तांबी आणि एका फटक्यात मारणारा ड्रॅगन मिळतो. जोडणं हे काम तेव्हाच होतं, जेव्हा अमुक आकडा का निवडला आणि तो बदलला तर काय बिघडेल, हे सांगता येतं.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. प्रोजेक्ट रिपोर्टच्या सुरुवातीला तीन रकान्यांचा एक तक्ता असावा : तुकडा कोणता, तो कुणाचा, आणि तो बसवायला मी काय केलं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर आपलं आपल्यालाच कळेल. आणि सर-मॅडमना विनंती, की "तुझं काय?" याच्याऐवजी त्या तक्त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून "हे काढलं तर काय होईल?" असं विचारावं. ज्याने खरंच टाका घातलाय तो या प्रश्नाला घाबरणार नाही.

ज्यांना हात चालवून बघायचाय त्यांनी दहाच मॉड घ्यावेत, सगळे एकाच आवृत्तीचे. एकेक चढवत जा, प्रत्येक वेळी खेळ सुरू करून बघा, आणि काय बदललं ते वहीत लिहा. दहावा मॉड बसेपर्यंत सिस्टिम इंटिग्रेशनचं एखादं युनिट सहज होऊन जाईल. फक्त सबमिशन उरकल्यावर सुरू करा, नाहीतर ड्रॅगनच्या आधी एचओडी भेटतील!