भाकरी घटविल्यावर : प्रथिने व स्निग्धांश यांचा मेळ

बेळगाव, निपाणी व चिकोडी या सीमाभागातील जेवणाचा कणा म्हणजे ज्वारीची भाकरी व भात. वजन उतरविण्याचा विचार सुरू झाला की पहिली कुऱ्हाड या दोहोंवर कोसळते, आणि ते सर्वस्वी गैर नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आपल्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थ व साखर यांतून येतात, तर प्रथिनांतून अवघे १२ टक्के, असे आढळून आले. प्रश्न उद्भवतो तो पुढे : भाकरीने मोकळी केलेली जागा कशाने भरावयाची?

सामान्यतः ती शेंगदाण्याने भरली जाते. चटणी, कूट, भाजलेले दाणे हे या भागात घरोघरी असतात आणि दाणा प्रथिनयुक्त असल्याची ख्यातीही आहे. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात हे खरे. तथापि स्निग्धांश त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. एक ग्रॅम प्रथिनापासून ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्धांशापासून ९. म्हणजे दाण्यातील उष्मांकांचा तीन चतुर्थांश वाटा तेलाचाच. उलट, ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून सुमारे २०० उष्मांकांबरोबर ६ ग्रॅम प्रथिनेही मिळत होती, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. तीन भाकऱ्या गेल्या की १८ ग्रॅम प्रथिने गेली. तूप, खोबरे व साय यांनी ती तूट भरून निघत नाही. मग काटा खाली उतरतो खरा, परंतु चरबीबरोबर स्नायूही झिजतात व अंगात अशक्तपणा येतो.

म्हणून हिशेबाचा आरंभ प्रथिनांपासून करणे इष्ट. निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हे परिषदेचे प्रमाण होय. ६० किलो वजनास ती सुमारे ५० ग्रॅम होतात. वजन उतरविताना हे प्रमाण १ ते १.२ ग्रॅमपर्यंत न्यावे, असे अनेक आहारतज्ज्ञ सांगतात. स्थूल व्यक्तीने मात्र हा हिशेब उंचीस साजेशा वजनावर करावा.

मांसाहारी कुटुंबास हे सुकर आहे. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. निपाणीकडे आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात मात्र प्रथिने असतात ती फोडींत. वाट्यांमागून वाट्या रस्सा ओरपणाऱ्यास मुख्यत्वे तर्री व खोबरेच लाभते. शाकाहारी माणसाची अडचण अधिक खरी आहे. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत प्रथिने सुमारे २२ ग्रॅम, तर पिष्टमय अंश ५० ग्रॅमहून अधिक. दिवसाकाठी २० ते ५० ग्रॅम पिष्टमय पदार्थांचा कडक आहार डाळ-उसळीवर निभणे कठीणच. त्याने १०० ते १३० ग्रॅमची सौम्य मर्यादा पाळावी, हे श्रेयस्कर. सोयाबीन या जिल्ह्यात पिकते, पण ताटापेक्षा तेलगिरणीकडेच अधिक जाते. त्याच्या तेल काढलेल्या पिठाच्या वड्यांत १०० ग्रॅममागे ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. दिवसभर बैठ्या कामात विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या खिशाला झेपतील अशा वस्तू म्हणजे या वड्या व अंडी. म्हशीच्या दुधावरील साय काढली की स्निग्धांश उतरतो, प्रथिने दुधातच राहतात. अशा दुधाचे दही उत्तम.

स्निग्धांश अजिबात वर्ज्य करावा, असा याचा अर्थ नव्हे. उत्तर ध्रुवप्रदेशाचे संशोधक स्टेफानसन यांनी १९२८ साली न्यूयॉर्क येथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली केवळ मांसावर राहण्याचा प्रयोग केला. आरंभी निव्वळ चरबीरहित मांस दिले असता थोड्याच दिवसांत त्यांना मळमळ व जुलाब सुरू झाले. चरबीयुक्त मांस मिळताच प्रकृती सुधारली. शिवाय अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे अंगी लागण्यास स्निग्धांश हवाच. परंतु वजन उतरविणाऱ्याच्या अंगी चरबीचा साठा असतोच. तोच खर्ची पडावयाचा असल्याने, प्रथिने पुरी झाल्यावर भूक शमेल इतपतच तेल-तूप घ्यावे.

इन्सुलिन वा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीने भाकरी कमी करण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी, अन्यथा रक्तातील साखर एकाएकी घसरण्याचा धोका संभवतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तपासणी केल्यावाचून प्रथिने वाढवू नयेत.